टीमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाला किती अधिकार द्यायचे? नव्याने ॲडमिन झालेल्यांसाठी

टीमचं सामायिक सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आधीच कुणीतरी सुरू केलेलं असतं. मग तो माणूस दुसऱ्या कामाला लागतो आणि एक दिवस तुमच्या नावापुढे ‘ॲडमिन’ लागतं. सोबत ना कागद ना सूचना. येतात ते मेसेज: ‘मला फाइल उघडत नाहीये’, ‘नव्या माणसाला आत घ्या’, ‘हे फोल्डर कुणी उडवलं?’

मी वेगवेगळ्या टीमसाठी हे काम केलं आहे. त्यातून बनलेलं माझं मत असं, की अधिकार कामाकडे बघून ठरवावेत. माणसाकडे, त्याच्या हुद्द्याकडे किंवा त्याच्याशी असलेल्या ओळखीकडे बघून ते वाटले की वर्षभरात कुणाकडे काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. खालच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने करा. सॉफ्टवेअर कोणतंही असो, फाइल ठेवायचं, गप्पांचं, कामं नोंदवायचं किंवा कोड लिहायचं, क्रम फारसा बदलत नाही.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- सगळ्या युजरची यादी. सदस्यांच्या पानावर बहुतेक ठिकाणी ती सीएसव्ही फाइल म्हणून, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या रूपात, उतरवून घेता येते.
- तुमचा प्लॅन कोणता, ही माहिती. स्वतःचे रोल (म्हणजे अधिकारांचे ठरलेले संच) बनवणं, पाहुण्यांची अकाउंट, जुना लॉग (कुणी कधी काय केलं याची नोंद) या सोयी बऱ्याचदा वरच्या प्लॅनमध्येच असतात. आधी बघितलं नाही तर अर्धी आखणी वाया जाते.
- बिल कुणाच्या कार्डावर आहे आणि त्याची मेल कुणाकडे जाते.
- एक टेस्ट अकाउंट, ज्याला कसलेही अधिकार नाहीत.
- एक साधी स्प्रेडशीट.
- प्रत्येक विभागातला एक माणूस, जो ‘हो, याला हे लागतं’ असं अधिकाराने सांगू शकेल. हा निर्णय तुमचा नव्हे. तुम्ही फक्त बटण दाबणार.

१. माणसांची नावं बाजूला ठेवा, कामं लिहून काढा

स्प्रेडशीटमध्ये डावीकडे कामं लिहा: मजकूर लिहिणं, तपासणं, प्रसिद्ध करणं, हिशोब ठेवणं, ग्राहकांच्या तक्रारी बघणं, जे काही तुमच्याकडे चालतं ते. वरच्या ओळीत क्रिया लिहा: बघणं, टिप्पणी करणं, बदलणं, दुसऱ्याला शेअर करणं, काढून टाकणं, डाउनलोड करून बाहेर नेणं, नवी माणसं आत घेणं, सेटिंग बदलणं, बिल भरणं.

नवा ॲडमिन सहसा दोनच क्रियांचा विचार करतो, बघणं आणि बदलणं. खरा त्रास मात्र शेअर करणं, काढून टाकणं आणि बाहेर नेणं या तिघांत असतो. चुकीचा बदल जुन्या आवृत्तीवर जाऊन सुधारता येतो. बाहेर गेलेली यादी परत येत नाही. त्यामुळे या तीन रकान्यांत खूण करताना हात आखडता घ्या.

कुणी विचारलं, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ तर उत्तर तयार ठेवा. १९७५ साली जेरोम साल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक लेख लिहिला. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला काम पुरं करायला लागतील तेवढेच अधिकार असावेत, असं त्यांनी त्यात मांडलं. त्यामागचं मुख्य कारण म्हणून त्यांनी दिलं ते हे, की अपघात किंवा चूक झालीच तर नुकसान आवाक्यात राहतं. संशयाचा संबंध नाही. प्रामाणिक माणसाचा हातही चुकीच्या बटणावर पडतो.

२. रोलच्या नावावरून अंदाज बांधू नका

व्ह्यूअर, एडिटर, मेंबर, गेस्ट हे शब्द सगळीकडे दिसतात, पण प्रत्येक सॉफ्टवेअरने त्यांत आपापला अर्थ भरलेला असतो. वेबसाइट चालवायच्या वर्डप्रेसमधला ‘कॉन्ट्रिब्यूटर’ लेख लिहू शकतो. प्रसिद्ध करू शकत नाही, चित्रही अपलोड करू शकत नाही. गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हमधला (टीमच्या सामायिक फाइलींच्या जागेतला) ‘कॉन्ट्रिब्यूटर’ मात्र फाइल टाकतो आणि बदलतोही. वर्डप्रेसचा ‘एडिटर’ दुसऱ्यांचे लेख बदलून प्रसिद्ध करू शकतो. गूगल ड्राइव्हवरच्या फाइलचा ‘एडिटर’ ती फाइल आणखी कुणाला शेअरही करू शकतो, फाइलच्या मालकाने ती सोय मुद्दाम बंद केली नसेल तर. ही खूण शेअरिंगच्या सेटिंगमध्ये आत दडलेली असते आणि फार थोडे लोक तिथपर्यंत जातात.

कोड ठेवायच्या गिटहबवर संस्थेच्या रिपॉझिटरीसाठी, म्हणजे एका प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यासाठी, अधिकारांच्या पाच पायऱ्या आहेत: रीड, ट्रायेज, राइट, मेंटेन आणि ॲडमिन. त्यातली ट्रायेज लोक विसरतात. तक्रारी वाचून त्यांना लेबल लावणं, योग्य माणसाकडे सोपवणं, बंद करणं एवढंच ज्याचं काम आहे, त्याला कोडला हात लावायची मुभा कशाला? त्याला ट्रायेज पुरते. तरी सर्रास राइट दिलं जातं, कारण शब्द ओळखीचा वाटतो.

म्हणून मदत-पानावरचा परवानग्यांचा तक्ता एकदा पूर्ण वाचा आणि त्यातल्या तुमच्या कामाच्या ओळी आपल्या स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. पहिल्या पायरीतल्या प्रत्येक कामासमोर सगळ्यात लहान रोल लिहा, ज्यात ते काम पूर्ण होतं. दोन रोलमध्ये अडकलात तर लहान द्या. कमी पडलं तर माणूस त्याच दिवशी सांगतो. जास्त झालं तर कुणीच काही सांगत नाही.

आणखी एक गोंधळ सीटचा. सीट म्हणजे ज्याचे पैसे मोजले जातात ती जागा, रोल म्हणजे अधिकार. काही सॉफ्टवेअरमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या ठरतात. फाइलवर बदलायची परवानगी आहे पण सीट फक्त बघणाऱ्याची आहे, किंवा याच्या उलट, असंही होतं. ‘एडिट होत नाहीये’ अशी तक्रार आली की दोन्ही तपासा.

३. मालक एकटा नको, ॲडमिन फार नकोत

सगळ्यात वरचं अकाउंट कुणाच्या ईमेलवर आहे ते आजच बघा. कुणाच्या तरी खासगी पत्त्यावर असेल तर हा लेख इथेच थांबवून आधी ते बदला. तो माणूस संपर्काबाहेर गेला, तर तुमचं काम कंपनीच्या मालकीचं आहे हे सॉफ्टवेअरवाल्यांना पटवून देण्यात आठवडे जातात.

मालक किमान दोन असावेत. गिटहब आपल्या संस्थांना हाच सल्ला देतं. टीमच्या गप्पांच्या स्लॅकमध्ये मुख्य मालक एकच असतो आणि त्याने स्वतः ती मालकी दुसऱ्याकडे सोपवायची असते, म्हणून तो जायच्या आधी आठवणीने करून घ्या. ॲडमिन मात्र मोजकेच. मायक्रोसॉफ्ट आपल्या ग्राहकांना सगळ्यात वरच्या ‘ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर’ रोलवर पाचपेक्षा कमी माणसं ठेवायला सांगतं, शिवाय फक्त आणीबाणीत वापरायची दोन वेगळी अकाउंट जपून ठेवायला सांगतं. मोठ्या संस्थांना एवढं पुरतं, तर छोट्या टीमला डझनभर ॲडमिन लागत नाहीत.

प्रत्येक मालक आणि ॲडमिनला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक कोड) सक्तीची करा. तिचे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवला तर आत शिरायचे राखीव कोड, कुणाच्या फोनच्या गॅलरीत नकोत. छापून बंद पाकिटात ठेवा किंवा टीमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये.

आता दोन सापळे, जे हमखास भेटतात.

पहिला म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचं एकच ‘ॲडमिन’ लॉगिन. सोयीचं वाटतं खरं. पण लॉगमध्ये सगळ्यांच्या कृतींसमोर एकच नाव दिसतं आणि फोल्डर कुणी उडवलं याचं उत्तर कधीच मिळत नाही. पडताळणीचा कोड एकाच्याच फोनवर जातो, मग तो फोनवरून सगळ्यांना कोड वाचून दाखवत बसतो. शिवाय टीममधून एक जण गेला की पासवर्ड सगळ्यांसाठी बदलावा लागतो, आणि तो कुणी बदलत नाही.

दुसरा सापळा हुद्द्याचा. ‘सर आहेत, त्यांना ॲडमिन नको का द्यायला?’ सरांना बहुधा सगळं बघायचं असतं. सेटिंगमध्ये जायची त्यांना हौसही नसते आणि वेळही. त्यांना सगळीकडे बघायचा अधिकार द्या आणि सरळ सांगा: ‘सर, तुम्हाला सगळं दिसेल. काही बदलायचं असेल तर आम्हा दोघांपैकी कुणालाही सांगा, लगेच होईल.’ फसव्या मेल वरच्या माणसांच्या नावाने आणि वरच्याच माणसांना जास्त येतात, हेही त्यांच्या कानावर घाला. मला तरी या बोलण्यावर रागावलेला वरिष्ठ क्वचितच भेटला आहे. रागावतात ते मधले.

४. अधिकार ग्रुपला द्या, माणसाला ग्रुपमध्ये टाका

१९९२ साली अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मानक-संस्थेतल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी रोलवर आधारलेली अधिकारांची पद्धत नीट मांडली. आज बहुतेक सॉफ्टवेअर तिचीच कुठली ना कुठली आवृत्ती वापरतं. कल्पना सोपी आहे: अधिकार रोलला चिकटतात आणि माणूस रोलला. माणूस बदलला तर एकच धागा सोडवायचा.

ग्रुपची नावं कामावरून ठेवा. ‘तपासणी’, ‘हिशोब’, ‘बाहेरचे डिझायनर’ अशी. एखाद्याच्या नावाने ‘अमुकची टीम’ असा ग्रुप केलात तर तो माणूस गेल्यावरही नाव तसंच राहतं आणि नवे लोक बुचकळ्यात पडतात.

इथे दोन गोष्टी समजून घ्या. एक माणूस दोन ग्रुपमध्ये असला तर बहुतेक ठिकाणी अधिकारांची बेरीज होते, म्हणजे मोठा अधिकार जिंकतो. त्यामुळे ‘फक्त बघणारे’ ग्रुपमध्ये टाकल्याने कुणाचे अधिकार कमी होत नाहीत. मोठ्या ग्रुपमधून काढल्यावरच होतात. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेसारख्या काही ठिकाणी स्पष्ट नकार लिहिता येतो आणि तो कोणत्याही होकारावर मात करतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं काय चालतं ते एकदा करून बघा.

दुसरी गोष्ट वारशाची. वरच्या फोल्डरचे अधिकार पाणी झिरपावं तसे खालच्या सगळ्या फाइलपर्यंत उतरतात. सगळ्यांना उघड्या असलेल्या फोल्डरच्या पोटात पगाराची फाइल ठेवून तेवढी एक बंद करायची खटपट करू नका. कुणीतरी ती हलवतं, कॉपी करतं किंवा वरची सेटिंग पुन्हा लावतं. नाजूक गोष्टींना वरच्याच पातळीवर वेगळी जागा द्या.

अपवाद करावे लागतात. प्रत्येक अपवादापुढे स्प्रेडशीटमध्ये कारण आणि संपायची तारीख लिहा. तारीख सुचत नसेल तर तो अपवाद नाही, एक नवीन ग्रुप हवा आहे.

५. बाहेरची माणसं आणि लिंकचा मोह

‘लिंक असलेल्या कुणालाही’ ही सेटिंग म्हणजे अधिकार माणसाला न देता पत्त्याला देणं. लिंक पुढे पाठवली जाते, मेलच्या साखळीत अडकते, कुणाच्या नोंदवहीत राहते. ती कुणी कुणी उघडली हे नंतर नीट सांगता येत नाही. जाहीर कार्यक्रमाचं पत्रक असेल तर खुशाल वापरा. ग्राहकांची यादी, करार, पगार यांच्यासाठी नावानिशी आमंत्रण पाठवा, थोडा वेळ जास्त लागला तरी.

स्प्रेडशीटबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे हुशार माणसंही फसतात. लपवलेली शीट म्हणजे बंद केलेली शीट नाही. गूगल शीट्समध्ये फक्त बघायचा अधिकार असलेला माणूससुद्धा फाइलची स्वतःसाठी कॉपी करून त्यातली लपवलेली शीट उघडू शकतो, कॉपी करणं मुद्दाम बंद केलं नसेल तर. ‘प्रोटेक्टेड रेंज’ने, म्हणजे ठरावीक रकाने बदलायला बंद केल्याने, चुकून होणारे बदल टळतात, गुपित राखायला ती बनवलेलीच नाही. बाहेरच्याला दहा ओळी दाखवायच्या असतील तर त्या दहा ओळींची वेगळी फाइल करून द्या.

बाहेरच्यांसाठी गेस्टचा रोल असेल तर तोच वापरा. स्लॅकमध्ये सशुल्क प्लॅनवर पाहुणा ठरावीक चॅनलपुरता ठेवता येतो आणि त्याच्या अकाउंटला मुदतही घालता येते. मेंबर केलात तर सगळी सार्वजनिक चॅनल त्याला उघडी होतात, जुन्या गप्पांसकट. टीमने तिथे काय काय बोलून ठेवलं आहे ते आठवा आणि मग ठरवा. प्रत्येक पाहुण्यासमोर आतल्या एका माणसाचं नाव लिहा, ज्याच्या कामासाठी तो आला आहे.

६. टेस्ट अकाउंटने स्वतः आत शिरून बघा

ॲडमिनला सगळंच दिसतं, म्हणून बाकीच्यांना काय दिसतं हे त्याला कळत नाही. टेस्ट अकाउंट त्या ग्रुपमध्ये टाका आणि ब्राउझरच्या खासगी विंडोत लॉगिन करा. नेहमीच्या विंडोत नको. तिथे तुमचं ॲडमिन अकाउंट चालू असतं, सगळं उघडतं आणि तुम्ही खुश होता. डिस्कॉर्डसारख्या काही ठिकाणी एखाद्या रोलच्या नजरेतून बघायची सोयच दिलेली आहे, तीही वापरा.

जे उघडायला हवं ते सगळेच तपासतात. तुम्ही जे उघडायला नको ते उघडून बघा. शोधाच्या चौकटीत ‘पगार’, ‘करार’, ‘राजीनामा’ असे शब्द टाका. फाइल उघडली नाही तरी तिचं नाव दिसतं का? कधीकधी नावच पुरेसं बोलकं असतं. जुनी लिंक चिकटवून बघा. सूचनेच्या मेलमध्ये मजकूर सांडतो का तेही बघा. झालं की टेस्ट अकाउंट ग्रुपमधून काढा.

७. मागणी आली की

‘ॲक्सेस द्या ना’ एवढ्या मेसेजवर काही करू नका. हा मजकूर तयार ठेवा आणि पाठवत चला:

‘कोणत्या कामासाठी हवाय? फक्त बघायचंय की बदलायचंय? कधीपर्यंत? विभागातल्या जबाबदार व्यक्तीला या मेसेजमध्ये घ्या, त्यांचा होकार आला की लगेच देतो.’

‘रिक्वेस्ट ॲक्सेस’च्या मेलमधलं बटण फोनवर घाईत दाबू नका. मागणाऱ्याचा ईमेल पत्ता अक्षरन् अक्षर वाचा. ओळखीच्या नावामागे अनोळखी पत्ता असू शकतो. मग त्यात कोणता रोल निवडलेला आहे ते बघा.

८. माणूस जातो तेव्हा, आणि विभाग बदलतो तेव्हा

नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी मेसेज येतो. गेल्यावर कुणी मेसेज करत नाही. म्हणून मनुष्यबळ विभागाशी किंवा जो कुणी हे बघतो त्याच्याशी आधीच ठरवा, की शेवटचा दिवस तुम्हाला कळलाच पाहिजे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मालकी हस्तांतरित करा: फाइल, फॉर्म, कॅलेंडर, बोर्ड. मग अकाउंट स्थगित करा आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. डिलीट सगळ्यात शेवटी, काही काळ गेल्यावर. गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं अकाउंट २० दिवसांच्या आत परत आणता येतं. त्यानंतर त्या माणसाच्या माय ड्राइव्हमधलं (त्याच्या वैयक्तिक जागेतलं), हस्तांतरित न केलेलं काम गेलं ते गेलंच. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइल टीमच्या मालकीच्या असतात, त्या राहतात. टीमचं काम पहिल्यापासून तिथेच ठेवायला लावण्याचं हेच मोठं कारण आहे.

एकाच लॉगिनने सगळीकडे शिरायची सोय असेल, तर ते एक बंद केलं की संपलं असं वाटतं. दार बंद होतं, पण आधीच आत असलेली सेशन (चालू लॉगिन) आणि त्या माणसाने बनवलेली टोकन (पासवर्डऐवजी प्रोग्रामला दिलेल्या किल्ल्या) काही ठिकाणी चालूच राहतात. प्रत्येक महत्त्वाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन स्वतः बघा. त्याला माहीत असलेले सामायिक पासवर्ड त्याच दिवशी बदला.

विभाग बदलणाऱ्यांकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. नव्या ग्रुपमध्ये टाकलं जातं, जुन्यातून काढलं जात नाही, आणि दोन-तीन बदल्यांनंतर त्या माणसाकडे ॲडमिनच्या तोडीचे अधिकार जमलेले असतात. तो स्वतःहून परत करत नाही, कारण त्याला ते माहीतच नसतं. बदलीलाही निरोपाचीच यादी लावा. ‘हस्तांतराला आठवडाभर जुनं राहू द्या’ अशी विनंती येईल. मान्य करा आणि त्याच वेळी कॅलेंडरमध्ये काढायची तारीख टाका.

९. यंत्रांचेही अधिकार असतात

दर सकाळी अहवाल पाठवणारा बॉट, फॉर्ममधली माहिती शीटमध्ये टाकणारी जोडणी, बॅकअप घेणारी स्क्रिप्ट हे सगळं कुणाच्या तरी अकाउंटच्या जिवावर चालतं. वैयक्तिक टोकन बनवणाऱ्याच्या अधिकारांवरच काम करतं. बनवणारा ॲडमिन असेल आणि टोकनला मर्यादा घातलेली नसेल, तर बॉटही ॲडमिन. शिवाय तो माणूस गेला की अहवाल बंद पडतो आणि का, ते कुणाला कळत नाही. अशा कामांसाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नव्हे, फक्त यंत्राच्या कामाचं) ठेवा, टोकनला लागतील तेवढेच अधिकार आणि मुदत द्या.

बाहेरचं ॲप जोडताना ‘तुमच्या सगळ्या फाइल बघण्याची आणि काढून टाकण्याची परवानगी’ असं वाक्य दिसलं तर तिथे थांबा. तारखा जुळवणाऱ्या ॲपला फाइल काढून टाकायची गरज काय? सोय असेल तर कोणतंही नवं ॲप ॲडमिनच्या मंजुरीशिवाय जोडता येणार नाही अशी सेटिंग करून टाका.

१०. दर तिमाहीला आढावा

युजरची यादी पुन्हा उतरवा आणि आधीच्या यादीशेजारी ठेवा. मालक आणि ॲडमिन कोण, मुदत संपलेले अपवाद कोणते, बरेच दिवस लॉगिन न केलेले कोण, उघड्या लिंक किती, एवढं बघा. ऑडिट लॉग किती दिवसांचा राहतो तेही तपासा. खालच्या प्लॅनवर तो थोडक्या दिवसांत पुसला जातो किंवा नसतोच. अधूनमधून उतरवून ठेवा.

मग प्रत्येक ग्रुपची यादी त्याच्या जबाबदार माणसाला पाठवा. ‘यादी बरोबर आहे ना?’ असं विचारलंत तर न वाचता ‘हो’ येईल. ‘यातलं कोण आता नको?’ असं विचारा आणि उत्तराची तारीख द्या. त्या तारखेपर्यंत काहीच आलं नाही तर त्या ग्रुपमधल्या बाहेरच्या पाहुण्यांची अकाउंट स्थगित करा, डिलीट नको. ज्याला खरंच लागत असतील तो त्याच दुपारी फोन करेल.